लोह्याच्या मुलीसाठी प्रार्थना

आम्ही परदेशात नेमकं काय करतो, हे नांदेडात कुणाला सांगायला गेलं की माझी पंचाईत होते. शेजारच्या वहिनींना वाटतं, हे तिकडं कुठल्याशा कंपनीत आहेत. माझ्या आत्याला वाटतं, आम्ही गोऱ्या लोकांना ख्रिस्ती करतो. ती एकदा मेथी निवडता निवडता म्हणाली, "पण ते तर आधीच ख्रिस्ती हायत ना गं? मग तुमी काय करून राहिले तिथं?" प्रश्न चोख होता. जॉर्जिया नावाचा तो देश नांदेडात पहिलं चर्च उभं राहायच्या कितीतरी आधीपासून ख्रिस्ती आहे. त्याच्या राजधानीत, तिबिलिसीत, आम्ही गोऱ्यांसाठी राहत नाही. लातूर-नांदेडच्या पोरांसाठी राहतो.

लातूरला दोन वर्षं क्लासमध्ये घासायचं, मार्क कमी पडले की आणखी एक वर्ष घासायचं, तरी सरकारी कॉलेज मिळालं नाही की एजंट घरी येतो आणि बापापुढं नकाशा उघडतो. अशी कितीतरी पोरं-पोरी डॉक्टर व्हायला तिकडं येतात. विमानातून उतरतात तेव्हा अंगात तिबेटी लोकांच्या स्टॉलवरचं स्वेटर असतं आणि बॅगेत चिवडा. पहिल्याच हिवाळ्यात गारठतात, रडतात, आणि मग कुणीतरी त्यांना सांगतं की नांदेडच्या एक काकू आहेत, रविवारी जेवायला घालतात. त्या काकू म्हणजे मी.

आमच्यात प्रचार करणाऱ्या सेवकांना, कोळी मासे धरतो तसे, माणसं धरणारे म्हणतात. गळाला काय लावायचं ते मात्र ज्याचं त्यानं शोधायचं असतं. मी भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या येसराची आमटी लावली. दर रविवारी दुपारी आमच्या फ्लॅटच्या दारात चपला-बूट मावत नसत. जेवणाआधी हे गिटार घेऊन दोन गाणी म्हणत, थोडं वचन सांगत, आणि पोरं स्वयंपाकघराकडं बघत बघत आमेन म्हणत. भाकरीसाठी आमेन म्हणणाऱ्याला मी कधी कमी वाढलं नाही, पण त्या आमेनवर विश्वासही ठेवला नाही. यांनी ठेवला. माझा नवरा स्वभावानं गोड आहे. लोकांचं दुःख ऐकताना यांचे डोळे खरोखर भरून येतात, आणि चर्चच्या मंडळीनं मान डोलावलेली यांना फार आवडते. या दोन गोष्टी एकाच माणसात असल्या की काय होतं, ते मला सांगायचं आहे. मी फटकळ आहे. सेवकाच्या बायकोला हे शोभत नाही, असं मला लग्नापासून सांगून झालेलं आहे.

त्या पोरांत नांदेडजवळच्या लोह्याची एक मुलगी होती. उंच, हाडापेरानं मोठी, बौद्ध घरातली. वडील तहसील कचेरीत कारकून. बाकीची पोरं गाण्याला टाळ्या वाजवायची तेव्हा ही उठून स्वयंपाकघरात यायची आणि भांडी घासायला लागायची. "काकू, मला देवाचं काही जमत न्हाई बघा," असं तिनं पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं. "तुमच्या पण न्हाई आन् कुणाच्याच न्हाई. राग येऊ देऊ नका." मला राग तर आला नाहीच, उलट ती मला त्या बोलण्यामुळंच आवडायला लागली. ठेच्याच्या मिरच्या तीच भाजायची, आणि सगळा फ्लॅट खोकायला लावायची.

तिसऱ्या वर्षात ती अडकली. एकदा नापास झाली, पुन्हा नापास झाली, मग कॉलेजनं नाव काढून टाकलं. घरी तिनं सांगितलं नाही. एका बेकरीत काम धरलं, आणि रोज सकाळी आईला फोनवर म्हणायची, लेक्चरला निघाले. मला हे कळलं ते आम्ही सुट्टीवर नांदेडला निघणार त्या आठवड्यात. भांडी घासता घासता, मागं न वळता तिनं सांगितलं.

"मी बुद्धपौर्णिमेला घरी जाणार हाय काकू. बाबांच्या पुढं बसून मीच सांगणार. ते ओरडतील, दोन दिवस बोलायचे न्हाईत, मग म्हणतील, चल, नर्सिंगला टाकतो. मी ओळखते त्यांना. फक्त मी सांगायच्या आधी दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळलं तर संपलं. मग ते मला घरात घ्यायचे न्हाईत."

हे दारात उभे होते. त्यांनीही सगळं ऐकलं. त्यांचे डोळे भरून आले, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि तिनं साबणाचे हात तसेच लोंबते ठेवून ती सोसून घेतली. कुणाला सांगणार नाही, असा शब्द आम्ही दोघांनीही तिला दिला. निघताना तिनं आईसाठी एक शाल दिली आणि बाबांसाठी तिकडं मिळतात तसल्या द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेल्या अक्रोडाच्या माळा. तेवढं लोह्याला पोचवा, मी मजेत आहे म्हणा, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आमची सुट्टी म्हणजे आराम नसतो. ज्या मंडळ्या आम्हाला पाठवतात, त्यांच्यापुढं उभं राहून काय केलं ते सांगायचं असतं. एक रविवार नांदेड, एक रविवार लातूर, मग बाकीची गावं. लोकांना फळ बघायचं असतं. फळ म्हणजे बाप्तिस्मा. किती पोरं पोटभर जेवली, किती जणींना तापात मी उशाशी बसून पेज पाजली, याला फळ म्हणत नाहीत. त्या वर्षी आमच्या झाडाला एकही फळ लागलेलं नव्हतं.

नांदेडच्या उपासनेत प्रवचन झालं की विनंत्या होतात. हा आमच्या मंडळीतला सगळ्यात जिवंत भाग. प्रवचनाला डुलक्या घेणारे लोक विनंत्यांना ताठ बसतात. एकेक जण उभा राहतो आणि प्रार्थनेसाठी विनंती मांडतो. कुणाची शुगर, कुणाच्या मुलाची दारू, कुणाची सून माहेरी जाऊन बसलेली. दुसऱ्याच्या वतीनंही विनंती मांडता येते. नळावर सांगितली तर जी चहाडी ठरेल, ती डोळे मिटून सांगितली की प्रार्थना होते. एक नियम सगळे पाळतात, नाव घ्यायचं नाही. "आमच्या गल्लीतली एक बहीण" असं म्हणायचं. गल्ली सगळ्यांना माहीत असते आणि बहीणही. मीसुद्धा हे नावं न घेताच लिहिते आहे. तो नियम माझ्याही हाडात मुरला आहे.

त्या रविवारी यांनी तिकडच्या कामाचा अहवाल दिला. जेवणावळी, गाणी, बर्फ, सगळं सांगून झालं. तेव्हा मंडळीच्या कारभाऱ्यांपैकी (त्यांना आमच्यात वडील म्हणतात) एक म्हातारे वडील पुढच्या बाकावरून प्रेमानं म्हणाले, "ब्रदर, अन् यंदा फळ?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. हे नुसतं हसले आणि खाली बसले. मग विनंत्यांची वेळ आली आणि हे पुन्हा उभे राहिले.

"एका मुलीसाठी विनंती आहे," हे म्हणाले. आवाज आधीच ओला झालेला. "लोह्याची आहे. बौद्ध कुटुंबातली. वडील तहसीलमध्ये आहेत. डॉक्टर व्हायला आली, नापास झाली, कॉलेजनं काढून टाकलं, घरी ठाऊक नाही. पण प्रभू तिच्या अंतःकरणात काम करत आहे. ती आमच्या घरी सेवेत मदत करते. आज ती बाप्तिस्म्याच्या उंबरठ्यावर उभी आहे."

सेवा म्हणजे माझी भांडी. आमच्याकडं बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात, त्यामुळं मला यांचा सदरा ओढता येईना. मी खोकले. जोरात खोकले. शेजारणीनं पर्समधून काढून मला खडीसाखर दिली. तोवर सगळ्यांचे डोळे मिटले होते आणि नांदेडची अख्खी मंडळी लोह्याच्या मुलीसाठी आमेन म्हणत होती. म्हातारे वडील समाधानानं मान डोलावत होते.

घरी आल्यावर मी यांना धारेवर धरलं. हे म्हणाले, "नाव घेतलं का मी?"

"लोहा, तहसील, जॉर्जिया, मुलगी," मी म्हटलं. "आधार कार्डावर याच्याहून कमी असतं. आणि ती उंबरठ्यावर कधी उभी होती हो? ती मोरीपाशी उभी होती."

"मी विश्वासानं बोललो. आज नसेल, उद्या असेल. विश्वासाची भाषा अशीच असते."

"आमच्या घरी त्याला थापा म्हणतात."

ते दुखावले आणि न जेवता पडून राहिले. मी त्याच संध्याकाळी मुलीला फोन लावून झालं ते सगळं सांगितलं. तिकडून बेकरीतल्या पत्र्यांचा आवाज येत होता. ती म्हणाली, "मी उद्या सकाळीच बाबांना सांगते. ते ऑफिसला निघायच्या आधी."

उशीर झाला होता. लोह्यात नोकरीला असलेल्या, आमच्या मंडळीतल्या एक सिस्टर त्या दिवशी तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी चहाडी केली नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. चहाडखोर बाई असती तर ती इकडं तिकडं कुजबुजली असती, बापाच्या कानापर्यंत जायला महिना लागला असता, आणि तोवर पोरगी घरी पोचली असती. सिस्टर चांगल्या होत्या. त्या त्याच दिवशी संध्याकाळी आणखी दोघींना बरोबर घेऊन, केळी घेऊन, मुलीच्या घरी सांत्वनाला गेल्या. आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "ताई, घाबरू नका, तुमच्या मुलीसाठी आमची सगळी मंडळी प्रार्थना करते आहे."

आईनं विचारलं, "काय झालं माझ्या पोरीला?"

हे सगळं मला नंतर लोह्यात कळलं. लातूरच्या रस्त्यावरच लोहा लागतं. मधल्या बुधवारी शाल आणि अक्रोडाच्या माळा घेऊन आम्ही तिथं उतरलो. मुलीनं तोवर मला कळवलं होतं की बाबा फोनच उचलत नाहीत आणि आईचा बंद येतो. यांना मी बसमध्ये एकच गोष्ट सांगितली होती. त्या माणसासमोर म्हणायचं, मी वाढवून बोललो, माफ करा. हे खिडकीबाहेर बघत होते, पण हो म्हणाले होते.

मुलीच्या वडिलांनीच दार उघडलं. बारीक अंगाचे, इस्त्रीचा शर्ट, ऑफिसला अर्धी सुट्टी टाकून थांबलेले. "जयभीम. बसा," म्हणाले. पाणी दिलं. समोर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती आणि खाली मुलीचा फोटो, पांढऱ्या ॲप्रनमधला, गळ्यात स्टेथोस्कोप. स्वयंपाकघराच्या दारात पडदा होता, आणि पडद्यामागं कुणीतरी उभं होतं.

"खरं हाय का?" त्यांनी विचारलं.

"कॉलेजचं खरं आहे," मी म्हणाले. "ती स्वतः सांगणार होती तुम्हाला. त्यासाठीच येणार होती."

"ते सोडा. नापास व्हायला काय, मी बी दहावीला गटांगळ्या खाल्ल्या. भाकर बंद केली नसती मी तिची. दुसरं खरं हाय का? ती ख्रिस्ती होऊन राहिली का?"

"नाही. साफ खोटं आहे. ती आमच्याकडं जेवायला येते आणि मला भांडी घासू लागते. यापलीकडं काही नाही."

त्यांनी यांच्याकडं पाहिलं. "सर, तुमी सांगा. चर्चमधी तुमी बोलले."

मी यांच्याकडं पाहिलं. एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं. दहावीत गटांगळ्या खाल्ल्याचं तो माणूस परक्यासमोर सहज सांगून गेला होता. माझ्या नवऱ्याला मात्र नांदेडचे म्हातारे वडील दिसत असावेत, आणि येत्या रविवारी लातूरची मंडळी.

"प्रभूचं काम चालू आहे," हे म्हणाले. "आम्ही जबरदस्ती कुणालाच करत नाही."

मला आजवर माझ्या नवऱ्याचा राग पुष्कळदा आला आहे. त्या खोलीत मला त्याची किळस आली.

वडील शांतपणे म्हणाले, "बाई म्हणतात न्हाई. मालक म्हणतात हाव. तुमच्या घरात एक जबाब न्हाई." मग त्यांचा आवाज चढला. "माझ्या बापानं धर्म बदलला तवा गावानं त्याचं पाणी तोडलं. कुणाच्या ताटासाठी न्हाई बदलला त्यानं, मान वर करायला बदलला. आन् माझी पोरगी, मला फसवून, तुमच्या वरणभातावर..."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजायला लागला. फोनच्या स्क्रीनवर मुलीचाच फोटो होता.

"तीच हाय," ते म्हणाले. "सोमवारपासून वाजून राहिला."

"उचला ना," मी म्हटलं. "दादा, एकदा उचला. तिच्या तोंडून ऐका."

"तिनं आधी परक्याला सांगितलं. परक्यानं सभेत सांगितलं. मग तीन बाया केळी घेऊन माझ्या दारात आल्या. बापाचा नंबर त्याच्याबी मागं. आता काय ऐकू?"

फोन थांबला, पुन्हा वाजायला लागला. पडदा सरकवून आई बाहेर आली. डोळे सुजलेले. तिचा हात टेबलाकडं गेला. वडिलांनी तिच्याआधी फोन उचलला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. तो त्यांच्या छातीवर वाजत राहिला, आणि ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून आमच्याकडं बघत बसले. फोन दमून थांबला.

"तिला सांगा, हे घर आता तिचं न्हाई. बुद्धपौर्णिमेला येऊ नको म्हणा. आली तर दार उघडायचो न्हाई मी. आन् हे सामान घेऊन जा."

आईनं शाल उघडून पाहिली होती. तिनं ती घडीवर घडी करून पिशवीत परत घातली. मी चपला घालत असताना ती माझ्याजवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "जेवती का वो नीट?"

"हाव," मी म्हटलं. "लई जेवती."

बस अहमदपूरच्या पुढं गेली तरी यांचं रडणं थांबलं नव्हतं. रुमालानं सारखे डोळे पुसत होते. मग म्हणाले, "केवढा छळ होतो आहे गं तिचा." मला वाटलं, उशिरा का होईना, याला उमगलं. माझा राग तेवढ्यापुरता उतरलाही. मी त्यांना पाण्याची बाटली दिली. पण त्यांना काहीही उमगलेलं नव्हतं. त्यांना रविवारी मंडळीपुढं सांगायची साक्ष सापडली होती.

लातूरची मंडळी नांदेडपेक्षा मोठी. चर्चच्या वाटेवर क्लासवाल्यांच्या फलकांवर टॉपर पोरांचे चेहरे, आणि आतल्या बाकांवर त्याच क्लासमधून डोळे चोळत आलेली पोरं. हे उभे राहिले आणि साक्ष देऊ लागले. विनंतीत मुलगी नापास झालेली होती. साक्षीत ती नापास झालेलीच नव्हती. साक्षीत ती प्रभूसाठी घराबाहेर काढली गेली होती. यांनी तो खिशातला फोन सांगितला. काय सुरेख सांगितला! बापाच्या छातीवर वाजणारा फोन, पडद्याआडून बघणारी आई, परत आलेली शाल. मी त्या खोलीत बसले होते, तरी माझ्या अंगावर काटा आला. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. पुरुषांच्या बाजूनं हालेलुया उठलं. एक काकू हुंदका देऊन म्हणाल्या, "धन्य ती पोरगी!"

त्यानंतर माझं गाणं असतं. सेवक बोलतो आणि त्याची बायको गाते, असा आमच्याकडचा रिवाज आहे. पेटीवाल्या भाऊंनी सूर दिला. मी पुढं गेले, माइक हातात घेतला, आणि गायले नाही.

"ती मुलगी प्रभूसाठी घराबाहेर पडलेली नाही," मी म्हणाले. "ती आमच्यामुळं पडली आहे. ती ख्रिस्ती नाही आणि तिला व्हायचंही नव्हतं. तिनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट यांनी नांदेडात सगळ्यांपुढं मांडली आणि वर स्वतःच्या पदरचं जोडलं. तुम्ही रडताय ते बंद करा. कुणाला काही करायचंच असेल तर लोह्याला जा आणि त्या माणसाला सांगा, आमचा सेवक खोटं बोलला."

पंखे तेवढे फिरत होते. पेटीवाले भाऊ बोटं सुरावर तशीच ठेवून बसले होते. मला वाटलं, आता कुणीतरी उठेल, यांना जाब विचारेल, निदान मला तरी खाली बसवेल. लातूरच्या मंडळीतले मुख्य वडील उठले. निवृत्त प्राध्यापक, बोलणं मऊ, माणूस सज्जन. ते माझ्याजवळ आले, माइक माझ्या हातातून अलगद घेतला आणि म्हणाले, "आपली बहीण फार थकली आहे. परका देश, थंडी, आपली माणसं जवळ नाहीत. आणि सैतान पहिला घाव सेवकाच्या घरावरच घालतो. आपण सगळे मिळून बहिणीसाठी प्रार्थना करू या."

सगळे उठले. मला खुर्चीवर बसवलं. माझ्या डोक्यावर, खांद्यांवर, पाठीवर हात आले. गरम, घामेजलेले, खोबरेल तेलाच्या वासाचे हात. मान वर करता येईना. कुणी मला खोटं ठरवलं नाही. ठरवलं असतं तर मला भांडता आलं असतं. त्यांनी मला आजारी ठरवलं आणि सगळ्यांत मोठ्यानं प्रार्थना माझ्या नवऱ्यानं केली. त्याचे अश्रू माझ्या मानेवर पडले. ते खरे होते, तेच मला सहन झालं नाही. प्रार्थना संपल्यावर बायकांनी मला चहा दिला, जास्त साखरेचा, आणि विचारलं, आता बरं वाटतंय ना? उरलेल्या सुट्टीत मी ज्या ज्या मंडळीत गेले तिथं माझ्या आधी माझी विनंती पोचलेली असे. परदेशात सेवा करणारी एक बहीण, तिच्या मनाच्या शांतीसाठी. नाव कुणी घेत नव्हतं.

आम्ही तिबिलिसीला परतलो. बुद्धपौर्णिमा आली आणि गेली. मुलगी कुठं गेली नाही. तिनं नव्या नंबरांवरून फोन करून पाहिले, बापानं आवाज ऐकला की ठेवून दिला. आईशी तिचं बोलणं एकदाच झालं, तेही मध्येच तुटलं. रविवारी ती यायची, घासायची, जेवायची नाही. लोह्यात काय घडलं ते मी तिला काही न लपवता सांगितलं होतं. यांच्याशी ती बोलेनाशी झाली होती, आणि हे म्हणत होते की प्रभू तिला घडवतो आहे.

मग एका रविवारी गाणी सुरू झाली तरी ती स्वयंपाकघरात आली नाही. मी डोकावून पाहिलं तर पुढं बसली होती, टाळ्या न वाजवता. गाणं संपल्यावर म्हणाली, "काका, मला बाप्तिस्मा द्या."

हे रडायलाच लागले. मी तिचं मनगट धरून तिला आत ओढलं. "तुझा विश्वास आहे का?"

"न्हाई."

"मग हे काय खूळ काढलंस?"

"काकू, माझं घर गेलं ते मी ख्रिस्ती झाले म्हणून. मग होते ना. खोट्यापायी घर गेलं, हे मला पचून न्हाई राहिलं. खऱ्यापायी गेलं म्हणता आलं तर निदान झोप तरी लागंल."

मी तिला नाही म्हणाले. रागानं पाण्यात उतरू नकोस म्हणाले. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की माझी मान खाली गेली. "ते दार तुमच्याकडून बंद झालं," ती म्हणाली. "आता हेबी तुमीच बंद करता का?" यांना मी सांगितलं की तिचा विश्वास नाही, तिनं स्वतः सांगितलं आहे. हे म्हणाले, पाण्यातून वर आली की विश्वास येतो.

आमच्या बाथरूममध्ये टब होता, त्यातच झालं. दारात पोरांची गर्दी. ती उंच, टब आखूड. डोकं पाण्याखाली गेलं की गुडघे वर यायचे, आणि संपूर्ण अंग बुडाल्याशिवाय बाप्तिस्मा धरत नाहीत. यांनी तिचे गुडघे एका हातानं दाबून तिला पुन्हा बुडवलं. ती ठसकत वर आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी टॉवेल घेऊन उभी होते, तो तिच्या अंगावर टाकला आणि तिला खोलीत नेलं. बाहेर हे नांदेड आणि लातूरला फोटो पाठवत होते. त्यांना शेवटी फळ मिळालं होतं.

तिचे दात वाजत होते. ओठ निळे पडले होते. "काकू, फोटो बाबांना पाठवा," ती म्हणाली. "माझा नंबर त्यांनी बंद केलाय. तुमच्यावरून जाईल."

मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, पाठवा. मी पाठवला. ती माझ्याशेजारी पलंगाच्या कडेला बसून राहिली. केसांतून पाणी गळत होतं, चादर भिजत होती, आणि ती माझ्या फोनकडं बघत होती. मुलीशी महिनोन्‌महिने एक शब्द न बोललेल्या त्या माणसानं मला लगेच उत्तर लिहिलं, कचेरीतल्या नीटनेटक्या मराठीत. आम्ही दोघींनी ते बरोबरच वाचलं.

"ताई, आपण माझ्या घरी बसून नाही असे सांगितले होते. आपले पती खरे बोलत होते."